सिकलसेल: सहावी जागा आणि शेजारची खाच

२०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा अल्फाफोल्डच्या, म्हणजे प्रथिनाची साखळी कशी घडी घेते याचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रणालीच्या, जनकांना मिळाला आणि ‘आता रोगाचं मूळ संगणकच सांगणार’ असं जो तो म्हणू लागला. अल्फाफोल्ड थोरच आहे. पण आपल्या नागपूर-विदर्भाला चांगल्याच परिचयाच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल त्याने दिलेली घडी फारसं काही सांगत नाही.

या आजारात रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदलतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. अशी साखळी अल्फाफोल्डला दिली तरी घडी जवळपास नेहमीसारखीच मिळते, कारण प्रत्यक्षातही ती तशीच असते. बिघाड दिसतो तो दोन रेणूंच्या मध्ये.

तो पाहायचा तर प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या साठ्यातून सिकलसेल हिमोग्लोबिनची ‘२एचबीएस’ (2HBS) ही फाइल घ्या. फुकट मिळते. आत नुसत्या ओळीच ओळी: अणूचं नाव, साखळी, क्रमांक आणि जागा दाखवणारे तीन आकडे. ती पायमॉल किंवा कायमेराएक्स या रेणू पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, स्फटिकातले शेजारचे रेणूही पडद्यावर आणा आणि सहाव्या व्हॅलिनच्या ४ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आसपास कोण आहे ते विचारा. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतलं ८५वं फेनिलअलॅनिन आणि ८८वं ल्युसिन सापडतात; त्यांच्यापाशी एक खाच असते. दोन्ही पाणी टाळणारी, व्हॅलिनही त्याच जातीचं. ऋणभार असलेलं ग्लुटामिक आम्ल इथे शिरलंच नसतं; व्हॅलिन मात्र टिचबटणासारखं बसतं. ऑक्सिजन सोडताना हिमोग्लोबिनचा आकार बदलतो, आणि ही खाच व्हॅलिनला सोयीची होते ती तेव्हाच. मग रेणूला रेणू लागून दुपदरी धागा होतो, असे सात धागे मिळून एक दोर, आणि त्या दोरांनी ताठरलेली तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. गंमत म्हणजे प्रत्येक रेणूत अशी व्हॅलिनं दोन, पण पलीकडच्या पदराच्या खाचेत बसतं त्यातलं एकच.

आईवडील दोघंही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणारे, असतील तर प्रत्येक बाळाला आजाराचा धोका २५ टक्के. पत्रिकेतले ३६ गुण याबद्दल एक अक्षर सांगत नाहीत. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी सांगते.

आता गर्भातल्या हिमोग्लोबिनची रचना २एचबीएसमधल्या रेणूवर बसवून पाहा. तिथे बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ८७व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन, म्हणजे अगदी खाचेच्या काठावर. असा रेणू धाग्यात नीट बसत नाही. सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात ते मुख्यतः हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढावं म्हणून.