लुईस बेटावर शेवाळ कुजत का नाही?

जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक दिल्लीत भरली होती. आसाममधल्या अहोम राजांच्या मैदामांना, म्हणजे समाधीच्या टेकाडांना, तिथे वारसा दर्जा मिळाला आणि आपल्याकडे ती बातमी ठळक छापून आली. त्याच बैठकीत उत्तर स्कॉटलंडमधल्या ‘फ्लो कंट्री’ या दलदलीलाही तोच दर्जा मिळाला, हे मात्र फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. वर्षभराने मराठ्यांचे बारा किल्ले ज्या यादीत जाऊन बसले, तिच्यात ही मैलोन्‌मैल चिखलाची जमीन काय करते?

उत्तर शोधायला मी तुम्हाला फ्लो कंट्रीऐवजी तिच्या पश्चिमेला, मिंच नावाच्या समुद्रपट्ट्यापलीकडे नेतो. दलदल त्याच जातीची, पण लुईस बेटावर तळी, खडक आणि माणसाचा इतिहास इतका एकमेकांत गुंतलाय की एक धागा ओढला तर बाकीचे आपोआप येतात.

खाली नीस खडक. वय ३०० कोटी वर्षांपर्यंत. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदीच कोवळा. हिमयुगात बर्फाच्या थरांनी हा कठीण खडक खरवडला, जिथे तो भेगाळलेला होता तिथे खड्डे पडले आणि सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपलं तेव्हा त्या खड्ड्यांत पाणी साचलं. ही तिथली लॉख, म्हणजे तळी. स्टॉर्नोवे या बेटावरच्या मुख्य गावाहून बार्व्हासला जाणारा रस्ता जिथून जातो तो मूर, म्हणजे उघडा दलदलीचा माळ, विमानातून पाहिला तर जमिनीत पाणी आहे की पाण्यात जमीन, हेच कळत नाही. झाड जवळजवळ नाही. वारा, मेंढ्या आणि हजारो वर्षांची माणसाची वस्ती यांनी मिळून तो प्रश्न निकालात काढलाय.

या खडकावर पीट साचलंय, कुठे गुडघाभर तर कुठे दोन पुरुष खोल. पीट म्हणजे अर्धवट कुजून थांबलेली वनस्पती. लोकांना वाटतं, एवढं साचलंय म्हणजे तिथे भरपूर उगवत असणार. उलट आहे. तिथे उगवतं फार कमी, वाढीचा हंगामही तोकडा. पण कुजतं त्याहूनही कमी. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटरचा फरक राहतो आणि हजार वर्षांत त्याचा मीटरभर थर होतो.

मग पाऊस जास्त म्हणून असं होतं का? स्टॉर्नोवेला वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला त्याच्या चौपटीहून जास्त. तरी महाबळेश्वरच्या सड्यावर पीट नाही, कारण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मार्च-एप्रिलमध्ये जमीन तडकते. लुईसला निम्म्याहून जास्त दिवस काही ना काही पडतच असतं आणि ऐन जुलैतही दुपारचं तापमान सोळा-सतरा अंशांच्या आसपास. जमिनीला वाळायची सवडच मिळत नाही.

एवढ्यावर शाळेचं पुस्तक थांबतं: पाणी साचलं, हवा संपली, कुजणं थांबलं. पण हे अर्धंच उत्तर आहे आणि मला त्याच्या पुढचा भाग भलताच आवडतो, तेव्हा थोडं रसायनशास्त्र सहन करा.

या दलदलीचा खरा मालक स्फॅग्नम नावाचं बोटभर उंचीचं शेवाळ. ऑर्किड लावणाऱ्यांनी नर्सरीत वाळलेलं पाहिलं असेल. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं पान ठेवलं तर दोन प्रकारच्या पेशी दिसतात. हिरव्या, जिवंत पेशी चिंचोळ्या, जाळीसारख्या पसरलेल्या. जाळीच्या घरांत फुगीर, रिकाम्या, मेलेल्या पेशी. त्यांच्या भिंतींना भोकं असतात आणि आतून कड्या असतात, त्यामुळे त्या मेल्या तरी चपट्या होत नाहीत. पाणी साठवायचं ते याच पेशींत, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत. पहिल्या महायुद्धात कापूस तुटवड्यात आला तेव्हा ब्रिटनमध्ये याच शेवाळाच्या पट्ट्या करून जखमांवर बांधत. जखमेला त्याचा आणखीही एक फायदा होता. स्फॅग्नमच्या पेशीभित्तिकांत आम्ल गट असतात. पावसाच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन ते धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात. आजूबाजूच्या पाण्याचा पीएच चारपर्यंत खाली येतो. अशा आंबट ओलाव्यात जिवाणू फारसे वाढत नाहीत, जखमेला फायदा तो हाच. हे शेवाळ आपलं अंगण स्वतःच आंबट करतं आणि शेजाऱ्यांना टिकू देत नाही.

आता कुजण्याकडे वळू. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. वरच्या थरातले जिवाणू तो तिथेच संपवतात, खाली पोचत नाही. तरीही प्रश्न उरतो. वनस्पतीच्या पेशीभिंती ज्या लांब साखळीच्या द्रव्याने बनतात त्या सेल्युलोजला तोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, ऑक्सिजन लागतच नाही. ती पाण्याच्या रेणूच्या मदतीने साखळी तोडतात आणि पीटमध्ये पाण्याला काय तोटा? मग ती गप्प का?

२००१ मध्ये वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे ख्रिस फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये याचं एक देखणं उत्तर मांडलं. वनस्पतीच्या अवशेषांतून फिनॉल गटाची संयुगं सुटत असतात. ही संयुगं सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांना निकामी करतात. एरवी मातीत फिनॉल ऑक्सिडेज नावाचं दुसरं विकर त्यांचा बंदोबस्त करतं, आणि नेमका या विकराला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नाही म्हणून फिनॉल ऑक्सिडेज बंद. ते बंद म्हणून फिनॉल साचतात. फिनॉल साचले म्हणून ज्यांना ऑक्सिजनची गरजही नव्हती ती बाकीची विकरंही बंद. एका कडीवर सगळा दरवाजा तोललेला. त्यात आम्लता आणि थंडी ही कडी आणखी घट्ट करतात. लोणच्याच्या बरणीत आंबटपणा आणि वरून तेलाचा थर मिळून जे करतात, तेच इथे शेकडो चौरस किलोमीटरवर चालू आहे. हीच कडी प्रत्येक दलदलीत इतकीच निर्णायक असते का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. काहींच्या मते मातीतलं लोह कधीकधी तिच्या उलट काम करतं. पण लुईससारख्या थंड, आंबट जमिनीत फ्रीमन यांचं चित्र चांगलं जुळतं.

या साचण्याचा वेग डोळ्यांनी पाहायचा तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलनिशला जावं. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उभे केलेले प्रचंड दगड तिथे आहेत. पुढे ते ओस पडले आणि पीट त्यांच्या पायथ्यापासून वर चढत गेलं. १८५७ मध्ये सर जेम्स मॅथेसन यांनी ते खोदून काढलं, तेव्हा थर दीड मीटरचा होता आणि उघड्या पडलेल्या खालच्या भागाचा रंग वरच्यापेक्षा फिका होता. मॅथेसन म्हणजे जार्डिन-मॅथेसन कंपनीतले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला नेण्याच्या धंद्यात ही कंपनी होती आणि सर जमशेटजी जीजीभॉय तिचे मुंबईतले मोठे भागीदार. चीनच्या व्यापारातल्या पैशावर मॅथेसन यांनी १८४४ मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेतलं. मुंबईच्या गोदीतून निघालेल्या पेट्यांचा हिशेब असा स्कॉटलंडच्या चिखलापर्यंत जातो.

आता तळी. बहुतेकांचं पाणी कोऱ्या चहासारख्या रंगाचं. घाण नव्हे, पीटमधून झिरपलेली ह्युमिक आणि फुल्विक आम्लं. हा रंग सूर्यप्रकाश गिळतो, त्यामुळे थोड्या खोलीवरच पाणवनस्पती संपतात. पोषणद्रव्यंही तुटपुंजी. लाल गळ्याचा डायव्हर पक्षी अशाच छोट्या डबक्याकाठी घरटं करतो, पण पिलांसाठी मासे आणायला समुद्रावर उडत जातो. काही किलोमीटरवर, पश्चिम किनाऱ्यालगत मात्र शंखशिंपल्यांची चुनखडीयुक्त वाळू आहे. तिथल्या तळ्यांचं पाणी नितळ आणि वनस्पतींनी गच्च. पाऊस तोच, आकाश तेच.

फुल्विक आम्लावरून आठवलं. आपल्याकडे सेलिब्रिटींच्या हातात ‘ब्लॅक वॉटर’च्या बाटल्या दिसतात. त्या काळेपणामागेही बहुधा फुल्विक संयुगंच असतात आणि शरीर ‘अल्कलाइन’ करण्याच्या नावाखाली ते पाणी दुधाहून महाग विकलं जातं. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, बाटली नाही. स्कॉटलंडच्या बेटांवर नळाला पाणी सोडण्याआधी हाच रंग खर्च करून गाळून काढतात, कारण ही संयुगं क्लोरिनशी मिसळली की ट्रायहॅलोमिथेनसारखी नकोशी द्रव्यं तयार होतात.

हे सगळं चिखलाचं कौतुक झालं. त्याचा हिशेबही आहे. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के पीटची, पण तिच्यात सगळ्या जंगलांच्या लाकूडपाल्याहून जास्त कार्बन आहे. चर खणून पाणी काढलं की ऑक्सिजन आत जातो, कडी उघडते आणि हजारो वर्षं अडलेलं कुजणं सुरू होतं. उत्तर लुईसच्या मुरावर १८१ पवनचक्क्यांचा प्रकल्प आला होता. रस्ते, पाया, चर, सगळं पीटमध्येच. स्कॉटिश सरकारने एप्रिल २००८ मध्ये परवानगी नाकारली, मुख्यतः पक्ष्यांच्या संरक्षित क्षेत्राच्या मुद्द्यावर. मला तो निर्णय पटतो. पवनऊर्जेला विरोध म्हणून नव्हे. कार्बन वाचवायला कार्बनची तिजोरी फोडण्यात अर्थ नाही, चक्की खडकावर उभी करा. आता स्कॉटलंडभर जुने चर बुजवून दलदली पुन्हा भिजवल्या जात आहेत. फिनॉल एकदा कमी झाले की नुसतं पाणी भरून कुजणं लगेच थांबत नाही, म्हणून चर जितक्या लवकर बुजेल तितकं बरं.

आणि बाल्कनीत बाग करणाऱ्यांसाठी: नर्सरीत ‘पीट मॉस’ लिहिलेली पिशवी मिळते, ती बहुधा बाल्टिक देशांतल्या किंवा कॅनडातल्या अशाच दलदलीतून आलेली असते. ‘कोकोपीट’मध्ये नावापुरतंच पीट आहे, तो नारळाच्या काथ्याचा भुसा. कुंडीला तो व्यवस्थित चालतो.