माळ्यावरच्या ट्रंका आणि कोकणातली हवा

कोकणात वस्तू माळ्यावर टाकली की ती जपली गेली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पावसाळ्याचे चार महिने इथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला ६५-७० टक्केही पुरतात. आजीचं लुगडं, आजोबांची पत्रं, लग्नाचा अल्बम असं सगळंच ट्रंकेत कोंबलं, तर त्यातलं धड काहीच टिकत नाही. म्हणून थोडं निवडायचं आणि तेवढं नीट ठेवायचं.

निवडणं जड जातं, त्याला कारण आहे. कानमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन टाकले. काही मिनिटांपूर्वी मिळालेला तो मग विकायला त्यांनी मागितलेली किंमत, असा मग न मिळालेले विद्यार्थी देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट होती. फुकटच्या मगाचं हे, मग आईच्या हातच्या गोधडीचं काय सांगावं! वस्तू नुसती हाताळली तरी ती आपलीच असल्याची भावना वाढते, हेही प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा ट्रंक उपसताना वस्तू दुसऱ्याने हातात धरावी आणि ठरवणाऱ्याने लांबून बघावं. द्यायच्या वस्तूचा आधी फोटो काढावा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत असं सुचवल्यावर मुलांनी जास्त वस्तू दान केल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात आढळलं. माणूस आठवण सोडायला घाबरतो, वस्तू सोडायला तितका नाही.

सामाईक घरातल्या वस्तूंचा निर्णय मे महिन्यात किंवा गणपतीत घ्यावा. चाकरमानी आलेले असतात, नंतरचे रुसवेफुगवे टळतात. बांधाबांध मात्र तेव्हा करू नये. दमट दिवशी डबा बंद केला की दमट हवाही आत कोंडली जाते आणि रात्री गारवा आला की तेच पाणी झाकणाला आतून सुटतं. डबे भरायचे ते दिवाळीनंतर, कोरडं वारं सुटल्यावर, आणि तेही दुपारी.

रेशमी साडीच्या पिना आधी काढाव्यात, कारण पिनेचा गंज कापडात उतरतो. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने साडीची जर काळी पडते. साडी सावलीत वाळवून, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळावी आणि दर वर्षी घडी मोडून नव्या जागी घालावी. जुनं रेशीम घडीवरच चिरतं. प्लास्टिकची पिशवी आणि डांबरगोळ्या दोन्ही टाळाव्यात. गोळ्यांची वाफ काही लहान मुलांना खरोखर बाधते.

पत्रांना किंवा सुती कापडाला कसर लागली असेल तर ती कोरडी करून प्लास्टिकच्या घट्ट बंद पिशवीत घालावीत आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली की घोटाळा होतो. गार कागदावर दव धरतं आणि शाई फुटते. एक दिवस तशीच राहू द्यावी.

बुरशी आलेली वस्तू आधी पूर्ण वाळवावी, मग अंगणात, तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने झाडावी. ओली असताना पुसली तर डाग पसरतो, आणि घरात झाडली तर बी घरभर. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये. काचेसकट त्याचाच फोटो काढून घ्यावा. सुटे फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवावं आणि मागे पेन्सिलीने नावं लिहावीत, ती सांगणारं माणूस घरात आहे तोवर.

डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या, रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलला की जेल ओलावा पिऊन भरलं, ते तापवून वाळवलं की पुन्हा चालतं. तांब्या-पितळेवर खाऱ्या वाऱ्याने हिरवं चढतं. आमसुलाच्या पाण्याने घासून, धुऊन, लगेच कोरडं पुसलं की झालं; आमसुलाचं आम्ल राहिलं तर तेच पुन्हा धातू खातं. जातं नि पाटा-वरवंटा यांच्या वाटेला आर्द्रता जात नाही. ते पडवीत पडू देत.