बाळंतपणानंतर लघवीची गळती: नाशिकमध्ये मोफत शस्त्रक्रियेसाठी काय करायचं, कोणती कागदपत्रं लागतात

बाळंतपण अडलं, दीड-दोन दिवस कळा चालल्या आणि नंतर आठवडाभरात लघवी आपोआप झिरपायला लागली, झोपेतसुद्धा थांबेना, तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही. बाळाचं डोकं कमरेच्या हाडात अडकून राहिलं की मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तेवढा भाग मरतो आणि तिथे भोक पडतं. हा प्रसूतीचा फिस्टुला. गुदाशयाच्या बाजूला भोक पडलं तर शौचही झिरपते. सिझेरियन किंवा गर्भपिशवी काढताना मूत्राशयाला इजा झाली तरी अशीच गळती लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आशिया आणि आफ्रिकेत मिळून लाखो स्त्रिया या दुखण्यासह उपचाराविना जगत आहेत. खरं तर ते शस्त्रक्रियेने बरं होतं. इथिओपियात अदिस अबाबाला हॅमलिन दांपत्याने १९७४ साली खास याच दुखण्यासाठी रुग्णालय उघडलं, तेव्हापासून हजारो बायका तिथून बऱ्या होऊन घरी गेल्या. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरच्या बाईलाही हा उपचार मिळाला पाहिजे, आणि त्याचा खर्च उचलणारी योजना आहे.

आधी दवाखाना, मग कागद

गळती नवी असेल आणि भोक लहान असेल, तर चार ते सहा आठवडे लघवीची नळी ठेवूनच ते बुजू शकतं. म्हणून कागदांसाठी थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथे ‘अंगावरून पाणी जातं’ एवढंच सांगितलं तर पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या हातात पडतात. ‘बाळंतपणानंतर लघवी सतत गळते’ असं स्पष्ट सांगा. आशाताई सोबत असल्या तर फारच बरं. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयासाठी किंवा शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्या.

तपासणी सोपी आहे. नळीतून मूत्राशयात निळं औषध सोडतात आणि योनीमार्गात कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवतात. कोणता बोळा निळा झाला यावरून गळती कुठून आहे ते कळतं. पुढे गरजेप्रमाणे दुर्बिणीने आतून पाहतात.

नळीने काम भागलं नाही तर शस्त्रक्रिया. जखम निवळावी म्हणून डॉक्टर बहुधा तीनेक महिने थांबायला सांगतात. कागद जुळवायला हाच काळ वापरा. गळती कमी व्हावी म्हणून बायका पाणी पिणं सोडतात, ते मात्र करू नका. लघवी तीव्र होऊन मांड्या आणखी सोलतात. पाणी भरपूर प्या, कातडीला व्हॅसलीन लावा.

पात्रता आणि कागदपत्रं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड पिवळं, केशरी किंवा पांढरं, कोणतंही चालतं. कार्डच नसेल तर महाराष्ट्राच्या अधिवासाचा दाखला काढून ठेवा.

सोबत न्या: रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे कागद आणि आरोग्य केंद्राची चिठ्ठी.

घोडं अडतं ते नावापाशी. नुकतं लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातच असतं आणि आधारवर सासरचं. घाईने माहेरच्या कार्डातून नाव कमी करू नका, नाहीतर मधल्या काळात ती कोणत्याच कार्डात राहणार नाही. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, दोन्ही कागद दाखवा आणि माहेरच्या कार्डावर काम होतं का ते आधी विचारा. नाव बदलावंच लागलं, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत विवाहाचा पुरावा लागतो.

रुग्णालयात

योजनेच्या यादीतलं रुग्णालयच निवडा, आणि तिथे मूत्ररोग किंवा स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रिया योजनेतून होतात का तेही विचारा. आरोग्यमित्र नोंदणी करतो, रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागवतं, ती आल्यावर तारीख मिळते. अर्जाला फी नाही. खाट, औषधं, भूल, शस्त्रक्रिया, रुग्णाचं जेवण आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा पॅकेजमध्येच असतो. परतीचं एसटी भाडंही त्यात धरलेलं आहे, पण ते मागावं लागतं. कुणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नळी राहते. ती वाकली किंवा तुंबली तर टाक्यांवर ताण येतो, म्हणून सोबतच्या बाईने पिशवीत लघवी उतरते आहे ना, हे रात्रीसुद्धा पाहावं. तीन महिने नवऱ्यापासून लांब राहायचं असतं, हे डॉक्टरांनी नवऱ्यालाही समोर बसवून सांगावं असा आग्रह धरा. पुढचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयात सिझेरियननेच करायचं. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली ते मोफत होतं, न्यायला १०२ किंवा १०८ ची गाडी येते. दिवस राहिल्याचं कळताच आशाताईकडे नाव नोंदवा आणि जुन्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड त्याच फाइलमध्ये लावून ठेवा.