स्क्रीन काळीच? रॅमची कवायत चालू आहे

सुटे भाग आणून घरी जोडलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की बरेचदा असं होतं: पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर मात्र ढिम्म. एक मिनिट जातं, दोन जातात. मग ‘बोर्ड गेला’ असा निकाल लावून कोणीतरी स्विच बंद करतं, पुन्हा चालू करतं, आणि ज्या कामाला आणखी एखादं मिनिट हवं होतं ते पहिल्यापासून सुरू होतं.

जोडणी तशी सरळ आहे. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एम.२ एसएसडी आणि कूलर बाहेरच बसवावेत. कॅबिनेटमध्ये नंतर हात शिरत नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवायचा. तिरका टेकला किंवा घसरला तर सॉकेटमधल्या पिना वाकतात. जोर लागतो तो सॉकेटची दांडी दाबताना, आणि बराच लागतो. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ठिपका की फुली या वादात पडू नका, कूलर आवळला की ती पसरतेच. त्याच्या तळावरची प्लॅस्टिकची फिल्म काढली का, ते मात्र पाहा. कॅबिनेटमधले स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो त्या धातूच्या खुंट्या, बोर्डाच्या भोकांशी ताडून घ्या, जास्तीचा एखादा राहिला तर बोर्डाच्या पाठीला शॉर्ट होतो. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नये. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीने आपापली ठरवलेली असते. कनेक्टर बसला तरी बारा व्होल्ट भलत्याच तारेत जाऊन ड्राइव्ह जळू शकतो.

आता त्या काळ्या स्क्रीनकडे. डब्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ पिढीची रॅम पूर्ण वेगाने चालते तेव्हा तिच्या प्रत्येक डेटा-तारेतून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. (जाहिरातीत यालाच ६००० मेगाहर्ट्झ म्हणतात. घड्याळाचे ठोके ३००० मेगाहर्ट्झचेच असतात, दर ठोक्याला दोन बिट.) एका बिटाच्या वाट्याला १६७ पिकोसेकंद येतात (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून सिग्नल जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. म्हणजे दोन तारांच्या लांबीत तेवढा फरक पडला, तर एकीचा पहिला बिट पोचतो तेव्हा दुसरीवर दुसरा बिट येऊन ठेपलेला असतो.

प्रोसेसर आणि रॅमच्या स्लॉटमधल्या नागमोडी रेघा त्यासाठीच मुद्दाम वळवलेल्या असतात, लांबी सारखी व्हावी म्हणून. त्याने पुरतं भागत नाही. चिपच्या आतली जोडणी, सॉकेटचा स्पर्श, रॅमची पट्टी, सगळं काही पिकोसेकंदांची भर घालतं. शिवाय घड्याळाचा सिग्नल पट्टीवरच्या चिपना एकदम मिळत नाही, एकीकडून पुढचीकडे जातो, त्यामुळे शेवटच्या चिपचं घड्याळ मागे पडतं. कारखान्यात हे आधी मोजून ठेवता येत नाही, कारण हाच बोर्ड, हाच प्रोसेसर आणि हीच रॅम यापूर्वी कधी एकत्र आलेलीच नसतात. त्यांची पहिली गाठ तुमच्या टेबलावर पडते.

मग फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेला आणि मशीन सुरू होताच चालणारा प्रोग्रॅम, त्यांची कवायत घेतं. ठरलेला शून्य-एकांचा नमुना लिहायचा, वाचायचा, ताडायचा. वाचण्याचा क्षण अगदी थोडा अलीकडे सरकवून पुन्हा. चुका सुरू झाल्या की ती एक कड. मग उलट दिशेने दुसरी कड. वाचन बरोबर मधोमध ठेवायचं. किती व्होल्टच्या वर ‘एक’ मानायचा, ती रेघही अशीच वरखाली करून पाहायची. एका पट्टीला ६४ डेटा-तारा, दोन पट्ट्यांना १२८. आणि लिहिण्यासाठी हे सगळं वेगळं.

गंमत अशी, की हा प्रोग्रॅम चालायलाही मेमरी लागते आणि मेमरी तर अजून कामाची नाही. इंटेलकडे प्रोसेसरची कॅशच (त्याच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) तात्पुरती रॅम म्हणून वापरतात. एएमडीच्या रायझनमध्ये आतला एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर हे काम उरकतो, तोवर मुख्य कोअर झोपलेले. चित्र उमटवणारा फर्मवेअरचा भाग बहुतेक बोर्डांवर रॅम तयार झाल्यावरच चालतो, म्हणून ‘थांबा’ एवढं सांगायचीही सोय नसते.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात. का, याचं उत्तरही इथेच आहे. पहिला स्लॉट भरून दुसरा रिकामा ठेवला तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या उरलेल्या तारेच्या उघड्या टोकावरून सिग्नल परततो आणि पुढच्या बिटावर आदळतो.

नवं मशीन चोवीस तास चालू ठेवलं की ‘सेट’ होतं, हा समज निराधार आहे. सेट होतात ते काही आकडे, या पहिल्या मिनिटांत.

थांबायचं किती? दोन पट्ट्यांना साधारण एक ते तीन मिनिटं, चार मोठ्या पट्ट्यांना दहासुद्धा. मधेच मशीन आपोआप रीस्टार्ट झालं तरी हात लावू नका. बोर्डावर ‘डीरॅम’चा दिवा असेल तर तो लागलेला दिसेल. पंधरा मिनिटांनंतरही तोच दिवा असेल तर मागचा स्विच बंद करून एकच पट्टी ठेवा आणि ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये कट्कन बसेपर्यंत दाबा. ‘सीपीयू’चा दिवा असेल तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला, प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर राहिला असण्याची शक्यता मोठी, तो लावलेला असेल तर बोर्डाचं बायोस (म्हणजे तेच फर्मवेअर) प्रोसेसरपेक्षा जुनं असू शकतं. दिवा एकही नाही आणि तरी अंधार? मॉनिटरची केबल बहुधा ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते.

सापडलेले आकडे बोर्ड जपून ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी मशीन लवकर उठतं. मात्र पहिल्या खेपेला रॅम ४८०० किंवा ५६०० वरच चालते. डब्यावरचे ६००० हवे असतील तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (डब्यावरच्या वेगाचं तयार सेटिंग) चालू करावं लागतं, आणि मग कवायत नव्याने. त्या वेगाला रॅम टिकली नाही तर बोर्ड काही प्रयत्नांनंतर सहसा स्वतःच खाली येतो. नाही आला, तर वीज तोडून बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायोसचं सेटिंग पुसलं जाईल. त्यानंतरची पहिली स्क्रीन पुन्हा काळीच असेल.