टॅपिंगने गणिताची भीती जाते का?

वार्षिक परीक्षा जवळ आली की इंदूरच्या रामबाग, नारायण बागेकडच्या मराठी घरांत मुलांच्या गणिताची काळजी सुरू होते, आणि अलीकडे त्यावर ‘टॅपिंग’ हा उपाय सुचवला जातो. तळहाताची कड, भुवईचे आतले टोक, डोळ्याखालचे हाड, हनुवटी अशा ठिकाणी दोन बोटांनी हलकेच थापटायचे आणि सोबत म्हणायचे, ‘मला गणिताची भीती वाटत असली, तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते.’ गॅरी क्रेग यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत शरीरातील ऊर्जावाहिन्यांवर काम करते असे सांगितले जाते. मात्र शरीररचनाशास्त्राला अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत.

भीती मात्र खरी आहे आणि ती नेमके काय बिघडवते हेही ठाऊक आहे. ४७ आणि ३८ यांची बेरीज करताना ‘सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक’ म्हणणाऱ्या मुलीला तो हातचा क्षणभर लक्षात ठेवावा लागतो. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली दाखवले, की गणिताची धास्ती असणाऱ्यांची कामगिरी अशा हातच्याच्या बेरजांमध्ये, आणि त्यातही सोबत आणखी काही लक्षात ठेवायचे असले तर, विशेष घसरते. कारण मनातली ही तोकडी जागा चिंतेनेच अडवलेली असते. म्हणूनच घरी सुटणारे गणित परीक्षेत सुटत नाही, आणि त्यावरून मुलीला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

थापटण्याने ती जागा मोकळी होते का? वेट आणि होल्डर यांनी २००३ साली भीतीसंदर्भात घेतलेल्या प्रयोगात काहींनी ठरलेल्या बिंदूंवर, काहींनी हातावरच्या भलत्याच जागी, तर काहींनी चक्क बाहुलीवर थापटले. तिन्ही गटांची भीती कमी झाली. कागदाचे खेळणे बनवणाऱ्या चौथ्या गटाची झाली नाही. म्हणजे परिणाम बिंदूंचा नसावा. भीतीचे नाव घेणे, थोडे थांबणे, लक्ष एका लयीवर आणणे यांतून मन निवत असावे, आणि तेवढ्यासाठी दोन मिनिटे थापटायला माझी हरकत नाही.

वाक्ये मात्र जपून निवडावीत. जोअ‍ॅन वुड यांच्या २००९च्या अभ्यासात स्वतःविषयी कमी आदर असणाऱ्यांना स्वतःची स्तुती करणारे वाक्य घोकून उलट अधिक वाईट वाटले. सतत नापास होणाऱ्या मुलाकडून ‘मी गणितात हुशार आहे’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘गुणाकार मला येतो, अपूर्णांकांत मी अडतो’ हे वाक्य बरे, कारण ते त्याला स्वतःला पटते.

आणि जिथे अडते तिथे शिकवावेच लागते. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणाऱ्या मुलाला कागदाची पट्टी द्यावी. निम्मी पट्टीच २/५ पेक्षा मोठी आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते. मग तिचे सहा सारखे भाग पाडले, की तीन आणि दोन मिळून पाच भाग होतात, म्हणजे उत्तर ५/६. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०१५ साली नोंदवले, की तिसरीच्या मुलांना आठ आठवडे एकेकाला स्वतंत्रपणे शिकवल्यावर त्यांची गणिताची धास्ती ओसरली आणि मेंदूतील भीतीशी निगडित भागाची प्रतिक्रियाही मंदावली.

एवढे करूनही लहान संख्यांतली मोठी कोणती हे मोठ्या वयात ओळखता येत नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या आणि हिशेब समजण्यातल्या अध्ययन-अडचणीची, तपासणी करून घ्यावी. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या अडचणीचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा शाळेकडे सवलतींची विचारणा पालकांनी निःसंकोच करावी.