लवकर पेन्सिल म्हणजे सुंदर अक्षर?

‘तिसऱ्या वर्षीच पेन्सिल हातात देऊन अक्षरे गिरवून घ्यावीत, नाहीतर अक्षर कायमचे बिघडते; फळ्यावरच्या रेघोट्या म्हणजे नुसता वेळ घालवणे,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागची काळजी खरी असली तरी क्रम उलटा आहे.

मुलाच्या हातावर ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो. तीन वर्षांचे मूल साधारणपणे उभी रेघ आणि गोल काढते, फुली चौथ्या वर्षाच्या सुमारास जमते, तर तिरप्या रेघांचा त्रिकोण बहुधा पाचव्या वर्षी. ‘अ’ किंवा ‘क्ष’मध्ये गोलाई आणि काना एकत्र येतात, त्यामुळे ती अक्षरे आधी मागणे म्हणजे पायऱ्या गाळणे होय.

भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेल्या व्हाइटबोर्डवर लिहिताना मनगट आपोआप किंचित मागे वळते, आणि बोटांची पकड सुटसुटीत होण्यासाठी हीच स्थिती लागते. मार्कर हलक्या दाबानेही उमटतो, चूक फडक्याने पुसता येते. काळ्या फळ्यावर खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यावा; तो मुठीत धरून लिहिता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. आपल्याकडे पूर्वी पसरलेल्या धुळीत बोटाने किंवा काडीने धुळाक्षरे गिरवत.

खात्री घरीच करता येते. मूल गोल काढताना त्याच्या कोपराकडे पाहावे: पूर्ण हात फिरत असेल, तर अजून मोठ्या फळ्याचे दिवस आहेत, कोपर स्थिर राहून बोटे हलू लागली, की पेन्सिल द्यावी. सहाव्या वर्षाच्या आसपासही साधे आकार जमत नसतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.