अंगणातले पक्षी : आधी पाणी, मग कॅमेरा

पाण्याचं भांडं, फीडर (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचं साधन), लाकडी घरटं किंवा दुर्बीण, आमच्याकडून काहीही घेतलंत तरी पिशवीत हे पत्रक असतंच. याला कारण आहेत दोन फोन. विक्रीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पहिला येतो, "अहो, एकही पक्षी फिरकला नाही!" महिन्याभराने दुसरा, "पक्षी येतात हो, पण फोटो धड येत नाहीत." दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं : जागा चुकली. पक्ष्यामागे कॅमेरा घेऊन पळण्यापेक्षा तो कुठे बसेल, उजेड कुठून येईल आणि आपण कुठे बसणार हे आधी ठरवलं की निम्मं काम होतं. त्यासाठी मोठी बाग लागत नाही. परसदार, गच्ची, बाल्कनी, काहीही चालतं.

एकच वस्तू घ्यायची असेल तर

पाण्याचं भांडं घ्या. धंद्याच्या दृष्टीने आम्ही हे सांगू नये, कारण फीडर जास्त महाग. पण दाण्यावर येणारे पक्षी मोजकेच असतात : चिमण्या, होले, पारवे, मुनिया. शिंपी, दयाळ, नाचण दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना किडे हवेत. शिंजीर फुलांतल्या मधावर आणि कोळ्यांवर जगतो. प्यायला नाहीतर अंघोळीला, पाण्यावर मात्र यातले बरेचसे येतात. आणि खरं तर घरात पसरट, खडबडीत मातीचं भांडं असेल तर आमचंही नको.

काठाशी पाणी बोटाच्या एका पेराएवढं, मध्ये फार तर पाच सेंटीमीटर. भांडं खोल असेल तर आत चपटा दगड ठेवा. गुळगुळीत काठावर पक्ष्यांचे पाय घसरतात, म्हणून चकचकीत चिनी मातीची भांडी आम्ही ठेवतच नाही. पाणी रोज बदला. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. रोज ओतून टाकलेल्या पाण्यात तो तयारच होत नाही. दाट झुडपाला खेटून भांडं ठेवू नका, दोन-तीन मीटर अंतर सोडा. झुडूप म्हणजे मांजराला दबा धरायला आयती जागा, आणि भिजलेल्या पक्ष्याला झटकन उडता येत नाही.

एवढं केलंत की दोन-तीन आठवडे नुसतं बघा. भांड्याची जागा रोज बदलू नका. (चौथ्या दिवशीचे फोन बहुधा जागा तीनदा बदललेल्यांचेच असतात.)

बुलबुल पाण्यावर कसा उतरतो

हे एकदा नीट बघितलंत तर फोटोग्राफीच्या निम्म्या अडचणी सुटतील. बुलबुल सहसा थेट भांड्यात येत नाही. आधी उंच फांदीवर किंवा तारेवर बसतो, शेंडी उभारतो, मान तिरकी करून एका डोळ्याने खाली आणि दुसऱ्याने वर बघतो. मग एक टप्पा खाली, भांड्याजवळच्या एखाद्या काटकीवर. इथे तो क्षण-दोन क्षण थांबतो. मग काठावर येतो, चोच बुडवतो, मान वर करून घोट गिळतो. अंघोळ झाली की पुन्हा त्याच काटकीवर जाऊन पिसं झटकतो, आणि या वेळी चांगला रेंगाळतो.

ती मधली काटकी हीच तुमची फोटोची जागा. नसेल तर तयार करा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, साल असलेली सुकी फांदी कुंडीत रोवा, भांड्यापासून हातभर अंतरावर, किंचित तिरपी. तिच्यामागे चार-पाच मीटर मोकळी जागा आणि त्यापलीकडे झाडी असली की बॅकग्राउंड आपोआप मऊ हिरवं होतं. मागे लगेच भिंत किंवा कपडे वाळत घातलेली दोरी असेल तर महागडी लेन्सही काही करू शकत नाही. सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन फांदीवर पडलं पाहिजे. म्हणजे कुंडी कुठे ठेवायची हे सूर्य ठरवणार, तुम्ही नाही.

कॅमेरा

चार मीटरवरून ४०० मिमी लेन्सने फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात बुलबुल चौकटीची जवळपास अर्धी रुंदी व्यापतो. त्याहून जवळ बसायची गरज नाही. काही लेन्स तितक्या जवळचं फोकसच करत नाहीत, तेव्हा कुंडी रोवायच्या आधी तपासा. बसलेल्या लहान पक्ष्यासाठी शटर स्पीड (फोटो टिपायला लागणारा वेळ) निदान १/५०० सेकंद, पिसं झटकताना १/१००० किंवा जास्त, उडताना १/२००० च्या पुढे. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ५.६ ते एफ ८. उजेड कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही. फोकस डोळ्यावर. शेपूट धूसर झाली तरी चालेल, डोळा धूसर झाला की फोटो गेला.

दयाळ नर काळा-पांढरा असल्याने कॅमेऱ्याला फसवतो. काळ्यासाठी उजेड वाढवला की पंखावरचा पांढरा पट्टा जळून जातो, म्हणजे त्यातले तपशील दिसत नाहीत. पांढरं सांभाळा, एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) थोडं कमी ठेवा आणि काळ्यातले तपशील नंतर संगणकावर वर आणा. उजळ आकाशासमोर बसलेल्या पक्ष्याला मात्र उलट, एक्सपोजर वाढवावं लागतं.

नुसता फोन असेल तर तो भांड्यापासून हातभर अंतरावर दगडाला टेकवा, व्हिडिओ सुरू करा आणि घरात जा. नंतर त्यातून हवी ती फ्रेम काढा. आम्हाला ग्राहकांनी दाखवलेले काही फार छान फोटो असेच काढलेले आहेत.

लपायचं कुठे

१८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचा फोटो काढणारे इंग्लंडचे रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे भाऊ पुढे चक्क बैलाच्या कातड्याचा पोकळ पुतळा करून त्यात लपायचे. तुम्हाला खिडकी पुरे. खोलीतला दिवा बंद करा, काच पुसा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा म्हणजे प्रतिबिंब येत नाही. पक्षी कपड्यांच्या रंगापेक्षा हालचालीला जास्त बिचकतात. म्हणून चट्टेरी-पट्टेरी जॅकेटांची मागणी आली की आम्ही आधी पडदा आणि खुर्ची सुचवतो.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो चारा शोधायचं, पिल्लांना भरवायचं सोडून त्याला हुसकावत बसतो.

दुर्बीण

अंगणासाठी ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०× मध्ये हाताचा कंप जास्त जाणवतो. किती जवळचं स्पष्ट दिसतं ते जरूर विचारा, पाच मीटरच्या आतलं न दिसणारी दुर्बीण अंगणात निरुपयोगी. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडा दुमडून बघा.

ओळख आणि नोंद

ओळखताना रंगाच्या आधी आकार बघा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, मग शेपटीची सवय. शिंपी शेपूट उभी ठेवतो, धोबी सारखी खालीवर हलवतो, नाचण पंख्यासारखी पसरतो. ओळख पटवायला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत अ‍ॅप आहे. १९९८ साली सुरू झालेली ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही गणना दर फेब्रुवारीत चार दिवस असते आणि २०१३ पासून जगभर होते. निदान पंधरा मिनिटं बघून नोंदवायचं, बस्स.

घरटं दिसलं तर

फोटो नको. समोरची पानं बाजूला केली की पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्याला वाट सापडते. तुम्ही जवळ उभे असेपर्यंत आई-बाप चारा घेऊन लांबच थांबतात. खाली पडलेलं पिल्लू बिनपिसांचं असेल तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. हात लागला म्हणून आई टाकते ही समजूत खोटी आहे. पिसं फुटून टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजर आवरा, पिल्लाला हात लावू नका.

आमचं लाकडी घरटं चिमणीचं आहे, भोक ३२ मिमीचं. भोकाखाली बसायला दांडी का नाही, असं विचारतात. चिमणीला ती लागत नाही, शिकाऱ्याला मात्र टेकू मिळतो. दुपारचं ऊन थेट आत शिरणार नाही अशा बाजूला तोंड करा. पिल्लं उडून गेली आणि पेटी रिकामी आहे याची खात्री झाली की जुना कचरा काढा.

फीडर असेल तर

खारवलेलं, तळलेलं काही ठेवू नका. बाजरी पुरे, तीही दिवसाभरात संपेल इतकीच. चिमण्यासुद्धा पिल्लांना किडेच भरवतात, म्हणून शेजारच्या कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका. फीडर काचेच्या अगदी जवळ, एक मीटरच्या आत, किंवा मग दहा मीटर लांब लावा. मधल्या अंतरावर पक्षी वेगाने काचेवर आपटतात. मोठ्या काचेवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके चिकटवा. घारीचं एकच चित्र लावून उपयोग होत नाही.

पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेला पक्षी फीडरवर दिसला तर तो आजारी असू शकतो. फीडर आणि भांडं दोन आठवडे काढून ठेवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात धुवा, साध्या पाण्याने खळबळा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. ओलसर फीडरमध्ये पुन्हा दाणे भरलेत तर दाण्यांना बुरशी लागते.